वास कधीपासून येऊ लागला

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. नाव लिहिलं की वाचणाऱ्याची नजर आधी आडनावाकडे जाते, हे मी आयुष्यभर पाहत आले आहे. आमच्या नाशकात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न "आडनाव काय?" हाच असतो. पुष्कळ आडनावं चार-चार समाजांत सारखीच सापडतात, म्हणून तेवढ्याने उलगडा झाला नाही तर "गाव कोणतं?" येतं, आणि गावानेही भागलं नाही तर "देव कुठला तुमचा?" या तिसऱ्या प्रश्नानंतर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक दार उघडतं किंवा बंद होतं, आणि ते इतक्या सभ्यपणे होतं की बिजागरीचा आवाजही ऐकू येत नाही.

मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. ओवीचा श्वास कुठे थांबतो, एखाद्या ओळीत अनुस्वार का घुमतो, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. नव्या अभ्यासक्रमात 'सामाजिक विविधता' नावाचा आठवड्याचा एक तास आला, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"हा विषय तुम्हीच घ्या, मॅडम. तुम्ही त्यावर फार पोटतिडकीने बोलाल."

पोटतिडकी हा शब्द त्यांनी माझ्या कवितेच्या तासांबद्दल कधी वापरला नव्हता. माझं बालपण सातपूरजवळच्या बौद्ध वस्तीत गेलं, हे त्यांना माझ्या नेमणुकीच्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्या एका माहितीवर त्यांनी माझ्या पोटातली तिडीकही गृहीत धरली होती. मी तास घेतला. राग आला म्हणून घेतला, हे आज सांगायला हरकत नाही.

शुक्रवारचा शेवटचा तास. थंडी नुकतीच उतरू लागली होती. दुपार कलली की वर्गाच्या फरशीतून गारवा तळपायांत चढायचा, आणि खिडकीतून समोरच्या टपरीवरच्या उकळत्या आल्याचा वास यायचा. पहिल्याच दिवशी, पुढच्या बाकावरचा एक देखणा, बोलका मुलगा उभा राहिला. कॉलेज रोडला त्याच्या वडिलांचा बंगला होता.

"मॅडम, खरं सांगू? आता कुठे राहिलीय जात? आमच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला विचारतसुद्धा नाही."

"तुला कोण विचारणार भाऊ," मागून आवाज आला, "तुझ्या गाडीच्या मागेच मोठ्या अक्षरात लिहिलंय."

वर्ग खदखदून हसला, तो मुलगाही हसला, आणि त्या हसण्यात प्रश्न विरघळून गेला. असे प्रश्न हशात विरघळवण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. व्याख्यान दिलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. म्हणून मी त्यांना घरचा अभ्यास दिला. पुढच्या शुक्रवारी येताना प्रत्येकाने आपल्या घराचा एक वास घेऊन यायचा. वस्तू आणायची नाही. वास शब्दांत आणायचा.

त्या पुढच्या शुक्रवारी वर्गाचं जे झालं, ते मला कवितेच्या कुठल्याही तासाला साधलं नव्हतं. त्र्यंबकेश्वरला पूजासाहित्याचं दुकान असलेल्या घरातला एक मुलगा म्हणाला, आमच्या घरी ओल्या बेलपानांचा वास असतो, झोपताना उशीलासुद्धा. सटाण्याकडची एक उंच, सावळी मुलगी म्हणाली, आमच्याकडे शेतावरच्या कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याचा. त्यातला एक सडला की माझी आई अंधारात नुसत्या नाकाने जाऊन तो नेमका शोधून काढते. मीही माझा सांगितला. वडील कारखान्यातून येत तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाला यंत्रावर ओतायच्या तेलाचा वास असे, पांढरट, कडवट, थोडा साबणासारखा. तो वास आला की आम्ही भावंडं अभ्यासाला बसायचो.

कॉलेज रोडचा मुलगा उठला. बराच वेळ विचार करून प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या घराला वासच नाही."

यावर मी हसू शकले नाही. आपल्या घराला वास नाही असं ज्याला वाटतं, त्याला इतरांच्या घरांचे वास फार लवकर येतात.

मग ती उठली. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आलेली, दुसऱ्या वर्षाला, कायम खिडकीजवळ बसणारी. कवितेच्या तासाला ती ओठ न हलवता ओवी मोजायची. बोटं बाकावर हलकेच पडायची आणि मला माझी चूक तिथे दिसायची. तासात ती पहिल्यांदाच इतकं बोलली.

"आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात, मॅडम. शेतात पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायच्या, मग पाऊस आला की त्या राखेत नागली पेरायची. तो धूर आईच्या केसांत पावसाळाभर राहतो. आणि आता, या महिन्यात, डोंगऱ्यादेवाचा उत्सव हाय. माझा बाप आता घरात नाय झोपत. गावातले सगळे पुरुष बाहेर राहतात, अनवाणी, उपास करतात, रात्र रात्र नाचतात आणि पौर्णिमेला डोंगर चढतात. तो परत येतो तेव्हा त्याच्या घोंगडीला शेकोटीचा वास असतो. मी लहान असताना ती घोंगडी धुवू देत नसे." मग म्हणाली, "आणि सुकट. बाजारच्या दिवशी सुकट."

"ई, सुकट!" तिसऱ्या बाकावरची एक मुलगी नाक धरून म्हणाली. वाईट मनाने नव्हे. ती तिची मैत्रीणच होती.

"खोलीवर नाय करत गं मी, घाबरू नको," ती हसत म्हणाली. "खोलीवर फक्त खिचडी. मालकीणकाकूंना चालत नाय. त्यांनी मला आडनाव विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं बाई, आमच्यातही हे आडनाव आहे. मग म्हणाल्या, देवी कुठली? मी म्हटलं, गडावरची. त्या म्हणाल्या, आम्हीपण जातो की गडावर, चालत जातो! त्या खूश झाल्या. पुढं त्यांनी काही विचारलं नाय, मी काही सांगितलं नाय. आम्ही कोकणा आदिवासी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाय." 

वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी ते हसणं तिच्या बाजूचं होतं. ती खाली बसली तेव्हा तिच्या गालांवर असा उजेड होता की मला घंटा व्हायला नको होती. मोकळं बोलण्याची चव तिला पहिल्यांदा लागली होती आणि ती चव मी ओळखत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती तासाला आली ती सामान घेऊन. दोरीने आवळलेली गोधडी, फुगलेली पाठपिशवी, एका प्लास्टिकच्या गोणीत पातेली आणि विजेची शेगडी. तिने ते सगळं खिडकीजवळच्या बाकावर नीट रचलं आणि शेजारी बसली. पातेल्यांचा एक खणखणाट झाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काकूंनी खोली सोडायला सांगितली, मॅडम. आजच."

"का?"

"म्हणाल्या, वास येतो."

"कसला?"

"तेच तर मी विचारलं त्यांना. आषाढापासून मी तिथं राहते. पहिल्या दिवसापासून खिचडी करते, मुगाची डाळ, तांदूळ. इतके महिने त्याच जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या, पोरी, तुझ्या फोडणीचा काय छान वास सुटलाय! तीच डाळ, तेच तांदूळ." तिचा आवाज चढला नव्हता, ती खरोखरच कोडं सोडवत असल्यासारखी बोलत होती. "वास कधीपासून येऊ लागला, मॅडम?"

तिसऱ्या बाकावर नाक धरणारी मुलगी रडू लागली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी फक्त घरी सांगितलं," ती हुंदक्यांत म्हणाली. "मजा म्हणून. मम्मीला म्हटलं, काकू कशा फसल्या बघ. मम्मी आणि त्या काकू एकाच भजनी मंडळात आहेत. मला काय माहीत मम्मी सांगेल त्यांना!"

"फसल्या?" सटाण्याची मुलगी म्हणाली. "कोणी फसवलं त्यांना? हिने काय खोटं सांगितलं?"

मला त्या रडणाऱ्या मुलीवर ओरडायचं होतं, आणि तिच्या त्या निरागस 'फसल्या'ने माझ्या तोंडचे शब्द काढून घेतले. किती सहज आला होता तो शब्द! त्या घरात तिच्या आईने नक्कीच मान हलवून म्हटलं असेल, अगं बाई, हो का, आणि भाजी चिरता चिरता फोन उचलला असेल. कुणीही वाईट माणूस नाही या साखळीत. सगळी देवाधर्माची, पाहुणचार करणारी, आजारपणात डबा पोहोचवणारी माणसं. मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. वाईट माणसाशी भांडता येतं.

कॉलेज रोडचा मुलगा चाचरत उभा राहिला. "मॅडम, चुकीचं झालंच. पण घर त्यांचं आहे ना? कुणाला ठेवायचं ते त्यांनी ठरवावं. त्यात जात कशाला आणायची?"

"मी नाय आणली," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "मी खोलीत गोधडी आणली, शेगडी आणली, नागलीच्या पिठाचा डबा आणला. जात त्यांनी आणली. माझ्या आधीपासून ती तिथं राहते, आणि तिला कुणी खोली सोडायला सांगत नाय."

तो खाली बसला.

तास अर्ध्यावर असताना शिपाईदादा दारात आले. प्राचार्यांनी बोलावलं होतं. वर्गात सामान चढवताना कुणीतरी पाहिलं होतं. मी मुलांना बसायला सांगून गेले. प्राचार्यांच्या खोलीत वॉर्निशचा आणि चाफ्याच्या अत्तराचा वास होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. तेही वाईट माणूस नाहीत.

"मॅडम, वर्ग म्हणजे काय धर्मशाळा आहे का?"

मी काय घडलं ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"वाईट वाटलं ऐकून. पण तुम्ही मुलांना हे असलं खाजगी बोलायला लावताच कशाला? विविधता म्हणजे सण, पोशाख, खाद्यपदार्थ. आनंदाचा विषय आहे हा. पुढच्या महिन्यात आपला पारंपरिक दिवस आहे. त्या मुलीला म्हणावं, तुमच्या त्या डोंगरदेवाचा नाच बसव स्टेजवर. किती छान होईल! पाहुण्यांनाही आवडेल."

"सर, तो नाच तिचे वडील उपाशीपोटी नाचतात. आणि तिला आज रात्री झोपायला जागा नाही."

"तेच म्हणतोय मी. या गोष्टी अशा पेटतात. हे शुक्रवारचे तास आपण जरा थांबवू. तुमच्या मनाला लागतं, मी समजू शकतो. तुमची पार्श्वभूमी..."

"माझी पार्श्वभूमी यंत्राच्या तेलाची आहे, सर," मी म्हटलं. "आणि तास मी थांबवणार नाही. थांबवायचा असेल तर लेखी द्या. कारणही लिहा."

लेखी ते देणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चहा तसाच ठेवून मी उठले. वडीलही साहेबाच्या केबिनमधून असाच संताप घेऊन बाहेर पडत असतील, आणि घरी येऊन ते आम्हाला अभ्यासाला बसवत असतील.

वर्ग सुटला होता. व्हरांड्यात ती गोधडीवर बसली होती.

"माझ्या घरी चल," मी म्हटलं. "खोली मिळेपर्यंत राहा."

तिने मान हलवली. "नको, मॅडम. तुमच्याकडे आले तर सगळे म्हणतील, आपल्यातली म्हणून नेली. मग माझं काय झालं ते राहील बाजूला."

तिचं बरोबर होतं आणि ते बरोबर असणं मला असह्य होत होतं. काय करायचं, ती म्हणाली, ते तिलाही कळत नव्हतं. गावी फोन करायचा नव्हता. फोन केला तर आई म्हणेल, पुरे झालं शिक्षण, ये परत. आणि आई तसं म्हणाली की आपण जाऊ, याची तिला भीती होती. वर्षाच्या मध्यात गेलेली मुलगी परत येत नाही, हे ती पाड्यावरच्या दोघी-तिघींकडे पाहून शिकली होती. बोलताना तिची बोटं गोधडीवर पडत होती, पण त्यात ताल नव्हता.

तेवढ्यात सटाण्याची मुलगी स्कूटीची किल्ली गरगर फिरवत आली. वर्गात ती शुद्ध पुस्तकी बोलायची. आता तिने तिची घरची अहिराणी काढली.

"आमनी खोलीमा ये वं. तीन जणी आम्ही, चौथी तू." मग अगदी गंभीर चेहऱ्याने, "कांदास्ना वास चाली का तुले?"

त्या दिवसातलं ते पहिलं खरं हसू. हसता हसता सुरगाण्याच्या पोरीचे डोळे वाहू लागले, ते तिने ओढणीत पुसले आणि उठली. गोधडी स्कूटीच्या पायदानावर बसली, गोणी मी थांबवलेल्या रिक्षात.

"पिठाचा डबा राहिलाय तिथे," ती म्हणाली. "ओट्याखाली. आईने दळून दिलेली नागली आहे. तेवढं घेऊन जाऊ."

"मी येते बरोबर," मी म्हटलं. या वेळी ती नको म्हणाली नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत ते घर होतं. दारात रांगोळी, तुळशीपाशी संध्याकाळची पणती, फाटकावर ताजा कागद: खोली भाड्याने देणे आहे, फक्त विद्यार्थिनींसाठी. शाई अजून ओली वाटत होती. मालकीणबाई बाहेर आल्या. गोल, प्रसन्न चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, हातांना कणकेचा वास.

"या ना मॅडम! बसा. पाणी आणते."

"पाणी नको. हिचा डबा घ्यायचा आहे."

"हो, हो, घेऊ दे की. मला वाईट वाटतंय हो, पोरगी गुणी आहे. पण वासाचं काय करणार? शेजारी बोलतात."

"वास कधीपासून येतोय?"

त्यांनी पदराला हात पुसले. "पहिल्यापासूनच. मी आपली सहन करत होते." आणि मग, संभाषण सावरायला म्हणून, अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात, मॅडम?"

मी काहीच म्हणाले नव्हते. मी आडनाव सांगितलं. तेही चार समाजांत सापडणारं. त्यांचा चेहरा दुसऱ्या पायरीसाठी उघडू लागला, "म्हणजे गाव..." एवढं त्या म्हणाल्या.

"त्रास घेऊ नका," मी म्हटलं. "गावावरूनही कळणार नाही. आम्ही बौद्ध. आता सांगा, मलाही वास येतो का?"

मी तिच्यासाठी तिथे गेले होते, आणि माझा आवाज गल्लीत गेला. समोरच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाई थबकल्या. मालकीणबाईंचा चेहरा लाल झाला. "काहीतरीच काय, मॅडम, आम्ही असलं काही मानत नाही," असं त्या म्हणत राहिल्या, दोनदा, तीनदा, जणू तो मंत्र पुरेसा म्हटला की खरा होईल.

ती खोलीत गेली होती. मी तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेले. खोली रिकामी, फरशी ओली, खिडक्या सताड उघड्या. आणि वास होता. डोळ्यांत पाणी आणणारा फिनेलचा वास, आणि त्याच्याखाली, कोपऱ्यांतून, शिंपडलेल्या गोमूत्राचा उग्र, आंबूस वास. जिथे एक मुलगी आषाढापासून कविता पाठ करत झोपली होती, त्या जागेवरून तिला असं धुऊन काढलं होतं. ती ओट्याशी वाकली, डबा उचलला, उभी राहिली आणि तिने एक लांब श्वास घेतला.

"मॅडम," ती म्हणाली, "आता येतोय वास."

मला रडायला आलं नाही. ज्या रागाला मी इतकी वर्षं ओळींत, यमकांत, सुंदर शब्दांत मुरवत आले, तो माझ्या तोंडात कच्चा, तिखट उभा राहिला, आणि तो तसाच ठेवायचा असं मी त्या उंबऱ्यावर ठरवलं.

आम्ही फाटकाशी आलो. बाहेर सटाण्याची मुलगी स्कूटी चालू ठेवून वाट पाहत होती. मालकीणबाई मागून आल्या; त्यांना शेवट गोड करायचा होता, यजमानीण होत्या त्या.

"मॅडम, झालं गेलं विसरा. आणि तुमच्या ओळखीत कुणी चांगली मुलगी असेल खोलीसाठी, तर सांगा हं."

मी तोंड उघडण्याआधी ती वळली. डबा कमरेवर, कळशी घ्यावी तसा.

"सांगते ना, काकू," ती म्हणाली. "शुक्रवारी वर्गात सगळ्यांनाच सांगते. पत्ता देते, आणि तुम्ही काय काय विचारता तेपण सांगते. म्हणजे पोरी तयारी करून येतील."

लेखी आदेश आला नाही. प्राचार्यांनी मला जिन्यात दोनदा पाहून न पाहिल्यासारखं केलं. शुक्रवारी शेवटची घंटा झाली तेव्हा मी वर्गात गेले. काही बाकं रिकामी होती. तिसऱ्या बाकावरची मुलगी आली होती, सुजलेल्या डोळ्यांनी. कॉलेज रोडचा मुलगाही आला होता आणि मागच्या रांगेत बसला होता. खिडकीतून आल्याचा वास येत होता. मी फळ्याकडे वळण्याआधीच बाक सरकल्याचा आवाज झाला.

ती उभी होती. "मॅडम," ती म्हणाली, "मी सुरू करू?"